मुलाखतीची तालीम
आमच्या गिरणीत नवे माग येणार, एकेका माणसाने चार-चार माग सांभाळायचे आणि उरलेल्यांनी घरी बसायचं, अशी बातमी पसरली तेव्हा मला कायम होऊन सहाच महिने झाले होते. माणसं कमी करताना शेवटी आलेल्याला आधी काढतात. विणकर खात्यात माझ्यानंतर आलेलं म्हणजे फक्त भिंतीवरचं नवं घड्याळ होतं.

घाबरलो की मला भूक लागते. खाणावळवाल्या मावशींनी माझं संकट सगळ्यांच्या आधी ओळखलं आणि न विचारताच ताटात जास्तीची भाकरी टाकायला लागल्या.

मी सातवी पास होतो, म्हणून फोर्टातल्या एका कचेरीत शिपायाच्या जागेसाठी अर्ज टाकला. मुलाखतीचं बोलावणं आलं आणि आमची लालबागची खोली कामाला लागली. त्या खोलीत आम्ही एकाच गावचे अठरा जण पाळीपाळीने राहायचो. कामावरून आलेला प्रत्येक जण हातपाय धुऊन ट्रंकेवर बसायचा आणि माझा साहेब व्हायचा. यातल्या एकानेही जन्मात मुलाखत दिली नव्हती. सगळे जॉबरच्या, म्हणजे माणसं लावणाऱ्या मुकादमाच्या ओळखीने चिकटलेले. चार लोकांसमोर बोलायच्या दोनच जागा त्यांना ठाऊक होत्या, गावकीची सभा आणि गिरणीच्या गेटावरची.

"मान खाली घालून बोलू नको रे," सगळ्यांत थोरले काका म्हणाले. त्यांनी तीन संप पाहिले होते, त्यामुळे त्यांचा शब्द शेवटचा. "सायब काय इचारता ता म्हत्त्वाचा नाय. आपला म्हणणा आधी मांडूक व्हया."

तेव्हा माझं म्हणणं कलमवार तयार झालं. मोर्चाला जातोस का असं कोणी विचारलंच, तर मात्र साफ नाही म्हणायचं ठरलं. हे बजावताना काकांचा घसा बसलेला होता, माझाही. आदल्या दिवशीच आम्ही दोघं संयुक्त महाराष्ट्राच्या सभेला जाऊन आलो होतो.

मुलाखतीला साहेब नव्हताच. हेडक्लार्क होते, दादरचे, अंगात कोट आणि डोक्यावर काळी टोपी. शिक्षण, गाव, वय इथवर ठीक गेलं. मग ते म्हणाले, "तुम्हाला काही सांगायचंय?"

मी उठून उभा राहिलो. "आमची पहिली मागणी," असं तोंडून गेलं आणि मग गाडी थांबेना. भरपगारी रजा. गणपतीला गावी जायला सुट्टी. पिण्याचं थंड पाणी. तिसऱ्या मागणीला मूठ वर गेली आणि ती खाली कशी आणायची हे तालमीत कोणी शिकवलं नव्हतं. हेडक्लार्क सवयीने सगळं लिहून घेत होते. ही नोकरी गेली, गिरणीतली जाणार, आता गावी जाऊन भात लावायचा, एवढंच मला दिसत होतं.

"मोर्चाला जाता वाटतं?" त्यांनी विचारलं.

"नाही," मी बसलेल्या आवाजात म्हणालो.

त्यांनी उठून दार लोटलं. "मी जातो," ते म्हणाले. "टोपी काढून जातो, शेठना कळू नये म्हणून. मुंबई महाराष्ट्रात गेली तर ते कचेरी कलकत्त्याला हलवणार म्हणतात. माझी मुलगी मॅट्रिकला आहे. घोषणा देताना अर्धा जीव ओरडत असतो आणि अर्धा म्हणत असतो, जरा हळू." शिपायाची जागा भरायची की नाही हेच अजून ठरलेलं नाही, असंही त्यांनी सांगून टाकलं. मग कोटाच्या आतल्या खिशातून एक घडी केलेला कागद काढून माझ्यापुढे धरला. "तुमच्या गिरणीत टाइमकीपर वगैरे काही निघालं तर बघा. जॉबरशी तुमची ओळख असेलच."

कोटवाला माणूस माझ्याकडे नोकरी मागत होता. मला त्यांची फार दया आली आणि, खोटं कशाला बोलू, जरा बरंही वाटलं. इतके दिवस मी समजत होतो की ही भीती फक्त सातवी पास माणसाला असते.

खोलीत सगळे वाट बघत बसले होते. नोकरी आणायला गेलेला माणूस दुसऱ्याचाच अर्ज घेऊन आला, हे ऐकून काकांनी तो मागून घेतला. अर्ज हातोहात फिरला. इंग्रजी कोणालाच वाचता येत नव्हतं, पण अक्षर सुंदर आहे यावर सगळ्यांचं एकमत झालं.

दुसऱ्या दिवशी पाळी सुरू झाल्यावर मी तो अर्ज जॉबरला नेऊन दिला. त्याने माझ्याकडे न बघता टेबलाचा खण ओढला. आत तसलेच अर्ज कोंबलेले होते, एकाचं अक्षर दुसऱ्याहून सरस. त्यांत हा एक ठेवल्यावर खण लागेना, तेव्हा मीच हात घालून ते सगळे खाली दाबून धरले.

"तुजो माग चालू आसा मा?" खण बंद करत त्याने विचारलं.

"चालू आहे," मी म्हणालो.

"मग हंय काय करतंस?"

मी जवळजवळ धावतच मागाकडे गेलो.