गोळ्यांनी पेटलेला हात

बहात्तरच्या दुष्काळात मी नगर जिल्ह्यातल्या कर्जत तालुक्यात कुष्ठरोग्यांच्या तपासणीचं काम करायचो. वय चोवीस. एक सायकल, पिशवीत डॅप्सोनच्या गोळ्या, आणि चट्ट्यावर स्पर्श कळतो का ते बघायला एक पीस.

एका वस्तीवर दोघे भाऊ होते, आणि दोघांनाही रोग होता. थोरल्याचा चेहरा जाड, तुकतुकीत, भुवया झडलेल्या. पण दुखणं कसलंच नाही. खडीच्या कामावर तो दोघांचं काम एकटा ओढायचा. धाकट्याच्या गालावर एक आणि उजव्या हातावर तीन फिकट चट्टे, बस्स. कानाच्या पाळीला चीर देऊन नमुने घेतले आणि सूक्ष्मदर्शकाखाली बघितले, तर थोरल्याच्या काचेवर जंतूंची दाटी आणि धाकट्याच्या काचेवर शोधून एखाददुसरा. दोघांनाही गोळ्या देताना मी धाकट्याला म्हणालो, "तुझं हलकं आहे. गोळ्या घे, लवकर बरा होशील."

तीन महिन्यांनी सकाळी वस्तीकडे वळलो, तर बांधापर्यंत किंकाळ्या ऐकू आल्या. धाकटा अंगणात गडबडा लोळत होता. फिकट चट्टे लालभडक होऊन वर आले होते, गाल सुजला होता, एक डोळा मिटतच नव्हता. कोपरामागची शीर, म्हणजे मज्जातंतू, दोरखंडासारखी फुगलेली. तो कोपर जमिनीवर आपटत होता आणि ओरडत होता, "तोडा वो ह्यो हात! तोडा!" पहाटेच त्यानं कोयता उचलून स्वतःच्या हातावर उगारला होता. थोरल्यानं तो पात्याला धरून हिसकावला. त्याचा तळवा चांगलाच चिरला होता, रक्त ठिबकत होतं, आणि हात बधिर असल्यानं त्याला पत्ता नव्हता.

मला बघताच थोरल्यानं कुदळीचा दांडा घेतला.

"तीन म्हैनं तुझ्या गोळ्या खाल्ल्या त्यानं. इख दिलंस व्हय रं?"

"दादा, ऐका तर..."

पहिला दणका खांद्यावर बसला. दुसरा चुकवायला हात वर केला, तर मनगटात काडकन आवाज झाला. मी खाली पडलो. माणसं बांधावर उभी राहून बघत होती. "हान त्येला!" कोणीतरी म्हणालं. त्यानं पुन्हा दांडा उचलला, त्याच्या तळव्यातलं रक्त माझ्या तोंडावर उडालं, आणि डोकं फुटणार एवढंच मला कळलं. तेवढ्यात धाकट्याची बायको मधे आली.

"ह्यो मेला तर ह्यांना दवाखान्यात कोन न्हेनार? तुमी?"

दांडा तसाच वर राहिला. मग त्यानं तो फेकून दिला.

बैल चारा छावणीत होते, गाडी जुंपता येईना. थोरल्यानं भावाला पाठुंगळी घेतलं, मी मोडकं मनगट छातीशी धरून मागं चाललो. दोन मैलांवर सडकेला चाऱ्याचा रिकामा ट्रक मिळाला. त्यात आम्ही तिघं नगरला गेलो.

दवाखान्यातल्या डॉक्टरीणबाईंनी धाकट्याचा हात फळीला बांधला, स्टिरॉइडच्या गोळ्या सुरू केल्या, आणि बजावलं की जंतू मरेपर्यंत डॅप्सोन बंद करायची नाही. माझ्या मनगटाला प्लास्टर घातलं. थोरल्याच्या तळव्याला टाके घालताना तो हसल्यासारखा त्यांच्याकडे बघत होता.

"बाई, रोग माझ्या अंगात जास्ती. मग हात त्याचा का जातोय?"

"कारण त्याचं अंग लढतंय," बाई म्हणाल्या. "अंगाच्या लढायच्या दोन तऱ्हा. एक म्हणजे रक्तात औषधासारखा पदार्थ तयार करायचा. तो तुझं अंग भरपूर करतं, पण हा जंतू पेशीच्या आत दडून बसतो, तिथं तो पदार्थ पोचत नाही. दुसरी, पेशींनीच जाऊन भिडायचं. ती तुझ्यात जवळजवळ झोपलेली आहे. भावाची गोळ्यांनी जोरात जागी झाली. जंतू शिरेत, म्हणून मार शिरेला. ह्या नव्या गोळ्यांनी तो जोर उतरवायचा."

"मग त्येला आवरनारं अंगात कोनीच न्हाई?"

"असावं. काही पेशी बाकीच्यांना आवरतात असं आता म्हणायला लागलेत. नक्की कुणाला माहीत नाही."

आठवड्यात धाकट्याची सूज उतरली. चार महिन्यांत डोळा मिटायला लागला. करंगळी आणि शेजारचं बोट मात्र वाकडंच राहिलं.

पुढच्या वर्षी थोरला स्वतः दवाखान्यात आला. सडकून ताप, अंगभर लाल गाठी, हात लावू देईना. "आता माजंबी अंग भिडाया लागलं का?" त्यानं विचारलं. बाईंनी नकारार्थी मान हलवली. हे निराळं होतं. त्याच्या रक्तातला तो पदार्थ आणि गोळ्यांनी मेलेल्या जंतूंचे अवशेष एकमेकांत अडकून आग लावत होते. त्यातून तो निभावला.

खरी शिक्षा मला वस्तीनं दिली. वर्षभर तिथं त्या दोघा भावांशिवाय कोणी गोळी घेतली नाही. त्याच वस्तीवरच्या, गोळ्या सोडून दिलेल्या एका बाईचा पाय त्या वर्षात लुळा पडला. उंबऱ्याच्या आतूनच ती मला म्हणाली, "मी बघितलं हुतं ना त्येचं काय झालं ते."

अंग असं उसळू शकतं, हे मला शिकवलेलं होतं. मी धाकट्याला ते आधी सांगितलंच नव्हतं, कारण तो घाबरून गोळ्या घेणार नाही असं मला वाटलं होतं.