राणी जगते ना, सिस्टर?

"आधी मरतंय कोण तेवढं सांगा, मग बघतो."

आमच्या बारामती–इंदापूर गाडीचे कंडक्टर दर मंगळवारी सकाळी हे वाक्य म्हणत. म्हणताना एक डोळा बारीक करत आणि तिकिटाचं मशीन पोटाशी घट्ट धरत. आम्ही त्यांना मास्तर म्हणायचो. शाळेत शिकवते मी, आणि मास्तर ते! पण एसटीत कंडक्टरला मास्तरच म्हणतात, त्याला माझा इलाज नाही.

ती मालिका तुम्हीही पाहिली असेल, निदान तसली एखादी तरी. बर्फातले किल्ले, चिलखतं घातलेले राजे, आग ओकणारे उडते सरडे आणि एका सिंहासनासाठी एकमेकांच्या जिवावर उठलेले सख्खे भाऊ. सोमवारी नवा भाग मोबाइलवर यायचा आणि मंगळवारी गाडीत पुढच्या सीटांवर त्याचा पंचनामा व्हायचा. पंच आम्ही तिघं. मी, इंदापूरच्या दवाखान्यात नोकरी करणाऱ्या एक सिस्टर आणि बँकेतले एक साहेब. साहेबांना पुढचं आधी कळलेलं अजिबात खपायचं नाही. भाग बघायचा राहिला असला की सणसरचा थांबा येईपर्यंत कानात बोटं घालून बसायचे. मास्तरांचं नेमकं उलटं. शेवट कळल्याशिवाय ते भाग लावायचेच नाहीत.

"अहो मास्तर, मग बघण्यात मजा काय राहिली?" मी एकदा वैतागून विचारलं.

"मजा कशाची, बाई? जीव टांगणीला लागतोय. एकदा कळलं गडी जगतोय, की मग कितीबी तलवारी चालू द्या, मी निवांत भाकरी खातो."

मास्तर मूळचे बारामतीजवळच्या कऱ्हाटी गावचे. मालिकेतल्या माणसांची काळजी ते घरच्यांसारखी करत. "तितं थंडी केवढी हाय, आन् राणीच्या अंगावर धड शाल न्हाय." सेनापतीवर त्यांचा पहिल्यापासून संशय. "त्यो गोड बोलतोय न्हवं, त्योच दुश्मनाला दार उघडून देणार. लिहून घ्या." सेनापतीनं खरंच दार उघडून दिलं, तर हा माणूस खूश व्हायचं सोडून दिवसभर तोंड पाडून बसला.

त्या वर्षी मालिकेतली थोरली राणी गरोदर होती. आणि मास्तरांची एकुलती एक लेकही. इकडे राणीच्या किल्ल्याला वेढा पडलेला, तिकडे लेकीचं बीपी चढलेलं, पाय सुजलेले. डॉक्टरांनी तिला बारामतीत दवाखान्यात ठेवून घेतलं होतं. लेकीबद्दल मास्तर फारसं बोलायचे नाहीत, राणीबद्दलच बोलायचे. "किल्ल्यात सुईण हाय का न्हाय एखादी?" असं विचारायचे, आणि आम्हाला काय ते कळायचं.

राणीच्या बाळंतपणाचा भाग आला. मी तो सोमवारी संध्याकाळी बघितला आणि जेवणावरची वासनाच उडाली. राणी गेली. बाळही गेलं. दुसऱ्या दिवशी गाडीत चढायला माझा पाय उचलेना.

मास्तर आले, पास बघितले. नेहमीचं वाक्य म्हणाले नाहीत. सिस्टरांपुढे उभे राहिले आणि हळूच म्हणाले, "राणी जगते ना, सिस्टर?"

सिस्टरांनी माझ्याकडे बघितलं. मी खिडकीबाहेर बघायला लागले. बाहेर नुसता ऊस.

"जगते की," सिस्टर म्हणाल्या. "बाळ पण छान आहे. गुटगुटीत."

मास्तरांनी एवढा मोठा श्वास सोडला की पुढची म्हातारी वळून बघायला लागली. साहेब मात्र भडकले. त्यांनी भाग बघितला नव्हता. "सांगून टाकलंत ना! घालवलीत सगळी मजा!"

मजा गेली खड्ड्यात. आम्हाला धास्ती ही, की शेवट कळला म्हणून आता हा माणूस घरी जाऊन भाग लावणार. "या वेळचा फार रटाळ आहे हो, नका बघू," मी म्हणाले. "लेकीचं होऊ दे, मग सगळे एकदम बघा," सिस्टर म्हणाल्या. मास्तर नुसते हसले.

बुधवारी साहेब चढले तेच तणतणत. "सिस्टर, तुम्ही तर काल म्हणालात..." मी त्यांच्या पायावर पाय दिला. चांगला जोरात दिला. ते कळवळले आणि गप्प बसले. मास्तर मागे कुणाला तरी सुट्टे देत होते. त्यांनी ऐकलं की नाही कोण जाणे. पण त्यानंतर त्यांनी राणीचं नाव काढलं नाही. आम्ही म्हटलं, बरं झालं बाई, भाग बघितलेला दिसत नाही.

आणि मग तो दिवस आला. सकाळीच लेकीला ऑपरेशनला आत घेतलेलं, आणि मास्तर ड्यूटीवर! मी चिडलेच. "तुम्ही इथं काय करताय? जा ना तिकडं!"

"तिची आई हाय, जावई हाय. मी तितं दाराकडं बघत बसलो तर मलाच भरती करावं लागंल, बाई. हितं निदान हात चालू ऱ्हातोय."

हात कसला चालू! लासुर्ण्याच्या माणसाला निमगावचं तिकीट फाडून दिलं.

लासुर्णे सुटलं आणि त्यांच्या खिशातला फोन वाजला. त्यांनी बाहेर काढला, नाव बघितलं आणि उचलेनातच. "अहो, घ्या ना!" ड्रायव्हर पुढून ओरडला. मास्तरांनी फोन सिस्टरांच्या हातात दिला. "तुमी ऐका. आधी तुमी ऐका."

ड्रायव्हरनं गाडी कडेला घेतली. आम्ही सगळे सिस्टरांच्या तोंडाकडे बघत होतो. "हो... हो... वजन किती?... बरं." त्यांनी फोन खाली घेतला. "मास्तर, लेक बरी आहे. शुद्धीवर आलीय."

मास्तर जागचे हलले नाहीत. "मागं पन तुमी असंच म्हणाला व्हता."

"कधी?"

"राणीच्या टायमाला. त्याच रात्री बघितला मी. माझ्यासाठीच बोलला, कळलं मला. राग न्हाय. पन आता खोटं नको, सिस्टर. पाया पडतो तुमच्या."

मला विचारलं असतं तर त्या दिवशी मीही तेच खोटं बोलले असते. आणि आता ही बाई खरं सांगत होती तर या माणसाला ते घेता येत नव्हतं.

सिस्टर उठून उभ्या राहिल्या. "ऐका मग. मुलगी झालीय. दिवस भरायच्या आधी आली, फार बारीक आहे. काचेत ठेवलीय. तिचं आत्ताच काही सांगता येत नाही, आणि ती जगेल असं मी म्हणणार नाही. पण तुमची लेक बरी आहे."

मास्तरांनी तोंडावरून हात फिरवला. वाईट होतं ते ऐकलं, तेव्हा कुठं त्यांना चांगलं खरं वाटलं.

"म्हंजी लेक हाय," ते म्हणाले. "हाय माझी लेक." आणि मटकन सीटवर बसले.

इंदापुरातून ते उलट्या गाडीनं बारामतीला गेले. मग रजा, मग दुसऱ्या गाडीवर ड्यूटी. आमच्याकडे परत आलेच नाहीत. नवा कंडक्टर चांगला आहे, पण मालिका बघत नाही. आमचंही त्यातून मन उडालं होतं. मंगळवार असो की शुक्रवार, आम्ही काचेतल्या पोरीबद्दलच बोलायचो, आणि सिस्टर मास्तरांना फोन करून नेमानं चौकशी करायच्या.

एका सकाळी त्या चढल्या आणि बसायच्या आत म्हणाल्या, "पोर घरी आली हो!"

आनंद व्हायला हवा होता की नाही? पण माझ्या तोंडून निघालं, "खरं सांगताय?" साहेबांनी तर सरळ हातच पुढे केला. "फोटो दाखवा."

सिस्टरांनी दाखवला. खाकी शर्टातले मास्तर, हातात दुपट्यात गुंडाळलेलं काहीतरी. बाळाचं तोंड धड दिसेना. साहेबांनी फोटो बोटांनी मोठा केला, आणखी मोठा केला, चष्मा कपाळावर चढवून अगदी नाकाशी नेला.

"जांभई देतीय," ते म्हणाले.

मग कुठं मला रडू आलं.