मिलिसावचं नाव

जूनमधल्या एका सकाळी तादिया शीतगोदामाच्या फाटकातून आत आला. त्याच्या एका हातात फडक्यात बांधलेला मोठा गोल पाव होता आणि दुसऱ्या हातात घरी गाळलेल्या राकिया दारूची बाटली. स्रेतेनने लांबूनच ते पाहिलं. रास्पबेरीच्या पेट्या घेऊन आलेल्या शेतकऱ्यांनी पाहिलं, वजनकाट्यावरच्या बायकांनीही पाहिलं. पाव आणि बाटली घेऊन असा माणूस एकाच कामासाठी येतो.

“कूम होशील माझा?” तादियाने विचारलं. “लग्न तिकडे बेल्जियमला कचेरीत उरकलं, तेव्हा आपलं कुणी नव्हतं. पोराला तरी तू हातावर घे. नाव तू ठेव.”

कूम म्हणजे पोराचा धर्मपिता. बाप्तिस्म्याला पोर त्याच्या हातावर असतं, आणि अरिल्येच्या आसपासच्या जुन्या वळणाच्या घरांत नावही अजून तोच ठरवतो. आईबापांनी त्यात तोंड घालायचं नाही, नुसतं सुचवायचंसुद्धा नाही. आणि कूम व्हायला कुणी नाही म्हणत नाही. बांधावरून कोर्टात गेलेली माणसंही म्हणत नाहीत.

स्रेतेनने हातमोजे काढले, बाटलीतला एक घोट घेतला आणि तादियाच्या गालांवर तीनदा ओठ टेकवले.

“बघा गं,” वजनकाट्यावरची बाई ओरडली, “बेल्जियममधली एवढी बडी माणसं सोडून आमच्या स्रेतेनच्या दारात आला!”

स्रेतेन हसला. हसताना त्याचे दात दुखले.

दोघांची घरं शेजारी होती. तादियाचा बाप ऑस्ट्रियात कामाला गेला तो तिकडचाच झाला. स्रेतेनचा बाप मिलिसाव बेकरीची गाडी चालवायचा आणि संध्याकाळी नदीकाठच्या मैदानावर पोरांना फुटबॉल शिकवायचा. गोलाला जाळी नव्हती, म्हणून रास्पबेरीच्या मळ्यावरची, गारा अडवायची जुनी जाळी त्याने तिथे बांधली होती. सामन्याला जाताना दोन्ही पोरं गाडीत पावांच्या ट्रेच्या मधोमध बसायची. तादिया उरलेले पाव खायचा, आणि मिलिसाव त्याला खाऊ द्यायचा. स्रेतेनने एकदा हात घातला तर म्हणाला, “तुला घरी आहे ना जेवण?”

तेव्हापासून ते सुरू झालं असावं.

पळण्यात स्रेतेन वरचढ होता. त्याचा फटकाही जोरदार होता. तादिया काटकुळा, पायात पाय अडकून पडणारा. पण बॉल कुठेही उडाला तरी हा पोरगा तिथे आधीच उभा असायचा, किंचित पुढे झुकून, चवड्यांवर भार देऊन.

“बॉल बघून सगळेच पळतात,” मिलिसाव जेवताना म्हणायचा. “तो बॉल निघायच्या आधी पळतो. हे मी नाही शिकवलं. हे शिकवता येत नाही.”

स्रेतेन ताटातला घेवडा चिवडत बसायचा.

चाचाकला निवडीचा सामना होता तेव्हा दोघं चौदा वर्षांचे होते. बेलग्रेडच्या मोठ्या क्लबचाही माणूस बघायला आला होता. स्रेतेन सगळ्यांना मागे टाकून एकटाच गोलकडे निघाला. गोलकीपर पुढे आला. एक फटका, की झालं असतं. तेवढ्यात रेषेबाहेरून बापाचा आवाज आला, “दे!”

त्याने दिला. तादियाने मोकळ्या गोलात बॉल ढकलला. सामन्यानंतर बेलग्रेडचा माणूस मिलिसावकडे आला आणि त्याने विचारलं ते तादियाबद्दल. परतताना स्रेतेन गाडीत मागे बसला होता. “पास सुंदर होता, पोरा,” बाप आरशातून म्हणाला. स्रेतेनने रिकामा ट्रे पायाने लांब ढकलला. तो पास तो पुढे कधीच विसरला नाही.

तादिया बेलग्रेडला गेला. वसतिगृहात राहिला, दोन हंगाम बाकावर बसून काढले, आणि रोज फोन करायचा तो मिलिसावकाकांना. मग क्लबने त्याला उत्तरेकडच्या सपाट मुलखात एका छोट्या संघाकडे उसना धाडला. तिथे न्हाव्याच्या दुकानावरच्या खोलीत तो राहायचा आणि चिखलात खेळायचा. तिथे त्याला गोल सापडले. खांद्याने, गुडघ्याने, एकदा तर पाठमोरा असताना. “ढुंगणानेसुद्धा गोल करेल माझा पठ्ठ्या!” मिलिसाव कॅफेत सगळ्यांना ऐकवायचा. ‘माझा’ हा शब्द स्रेतेन दर वेळी मोजायचा.

स्रेतेनलाही चाचाकच्या कुमार संघात घेतलं होतं. काही दिवसांनी ‘उंची कमी पडते’ म्हणून त्याला घरी पाठवलं. मग रविवारी गावोगावच्या सामन्यांत खेळणं, जिथे बॉल शोधायला मेंढ्या हाकलाव्या लागतात. मग शीतगोदामात नोकरी.

तादिया बेल्जियमला गेला, आधी खालच्या गटात, मग वरच्या. तिथे त्याच्या गुडघ्यातला स्नायुबंध फाटला. शस्त्रक्रियेनंतर तो गावी येऊन राहिला, आणि मिलिसाव त्याला रोज सकाळी मोराविचा नदीच्या गार पाण्यात मांडीइतक्या खोलीत चालवायचा. डॉक्टर म्हणत होते, पुन्हा खेळेल याची खात्री नाही. त्या उन्हाळ्यात स्रेतेनला झोप फार छान लागायची. पुढच्या मोसमात तादिया परत मैदानात उतरला, आणि झोप गेली.

मिलिसाव फुप्फुसाच्या दुखण्याने गेला. तो उझित्सेच्या इस्पितळात होता तेव्हा, शेवटच्या रविवारी, तादियाचा सामना होता. स्रेतेनने फोन बापाच्या डोळ्यांसमोर धरला होता, हाताला मुंग्या येईपर्यंत. “जवळच्या खांबाकडे पळ रे, जवळच्या,” बाप फोनला म्हणाला. तेच जवळजवळ त्याचे शेवटचे शब्द. फोन कुणी धरलाय, याकडे त्याने एकदाही पाहिलं नाही. तादियाला क्लबने रजा दिली नाही, त्याचं पुष्पचक्र आलं. स्रेतेनला मात्र टेकडीवरच्या दफनभूमीत रडूच आलं नाही. लोक म्हणाले, पोरगा खंबीर आहे.

आता बाप्तिस्म्याच्या आदल्या दिवशी तो कूमच्या रीतीप्रमाणे पांढरं कापड आणि छोटा क्रूस घेऊन तादियाकडे गेला. तादिया मासे आणायला गेला होता. त्याची बायको नेवेना पाळणा हलवत होती.

“अजून नुसतं बाळ म्हणतो आम्ही याला,” ती म्हणाली. “पोटात होता तेव्हा मात्र तादिया...” आणि तिने जीभ चावली.

“काय तादिया?”

“काही नाही, कूम. मी बोलायचं नसतं.”

“अर्धं बोललीस की.”

तिने दाराकडे पाहिलं. “पोटाला तोंड लावून म्हणायचा, मिलिसाव, पळ. मिलिसाव, पळ. मी सांगितलं म्हणू नका हं.”

स्रेतेनच्या अंगाचा तिळपापड झाला. म्हणजे नाव ठेवून झालं होतं. विचारायला आणलेला तो पाव, ती बाटली, सगळा देखावा.

घरी येऊन तो आईला म्हणाला, “मी लूका ठेवणार आहे.”

देसांका मिरच्या भाजत होती. “वर्गात पाच लूका असतील.”

“सहावा होईल. बाबांचं नाव माझ्या पोराचं आहे.”

“कुठंय ते पोर? आधी बायको तरी दाखव! नाव म्हणजे काय तुझ्या गोदामातली रास्पबेरी आहे, गोठवून ठेवायला?”

“त्याने बाबांचं सगळं नेलं, आई.”

तिने मिरची उलटली. “त्याने कुठं नेलं? तुझ्या बापाने दिलं. रागवायचंच असेल तर वर टेकडीवर जा, तिथेच आहे तो. रागावून ये.”

तो टेकडीवर गेला नाही.

दुसऱ्या दिवशी देवळात मेणाचा वास होता आणि पोर त्याच्या हातावर उताण्या पडलेल्या बेडकासारखं पाय झाडत होतं. पाद्रीबाबा घाईत होते, त्यांना पुढे अजून एक बाप्तिस्मा होता.

“कूम, नाव?”

लूका जिभेच्या टोकावर होतं. स्रेतेनने वर पाहिलं. तादिया रीतीप्रमाणे गप्प उभा होता. नजर जमिनीकडे, हात पाठीमागे. पण अंग किंचित पुढे झुकलेलं, भार चवड्यांवर. ही उभं राहायची तऱ्हा स्रेतेन जगात सगळ्यांपेक्षा जास्त ओळखत होता. बॉल जिथे येणार तिथे हा आधीच येऊन थांबला होता.

या वेळी रेषेबाहेरून कुणी ओरडलं नाही. फटका मारायचा असता तर मारता आला असता.

“कूम?” पाद्रीबाबांनी घड्याळ पाहिलं.

“मिलिसाव,” स्रेतेन म्हणाला.

मागे देसांकाने नाक ओढलं. रीतीप्रमाणे पाद्रीबाबांनी स्रेतेनला पश्चिमेकडे तोंड करायला लावून पोराच्या वतीने विचारलं, सैतानाला सोडलंस का. सोडलं, तो म्हणाला, तीनदा म्हणाला, आणि सैतानावर थुंकला. थुंकी जरा जास्तच जोरात गेली.

वळून बघतो तर तादिया रडत होता. नाक, डोळे, सगळं वाहत होतं, खांदे गदगदत होते, आणि त्याला कुणाचीही लाज नव्हती. “मिलिसावकाका,” तो पोरासारखा म्हणत होता, “मिलिसावकाका.” गावातल्या बायकाही मग रडायला लागल्या. स्रेतेन कोरड्या डोळ्यांनी बघत राहिला. माझ्या बापासाठी रडायलासुद्धा याला किती सोपं जातं, असं त्याच्या मनात आलं, आणि छातीत तीच जुनी आग भडकली.

विधी संपला. पोर ओलं, कापडात गुंडाळलेलं, तेलाच्या वासाचं. तादियाने डोळे पुसले आणि दोन्ही हात पुढे केले.

“दे,” तो म्हणाला.

“थांब,” स्रेतेन म्हणाला. “एवढी काय घाई आहे तुला?”

तो वळला आणि दारातल्या उन्हात जाऊन उभा राहिला. बाहेर अंगणात, उपासाला मांस चालत नाही म्हणून आणलेले ट्राउट मासे निखाऱ्यांवर चढले होते, माणसं जेवायला हाका मारत होती. मिलिसावला त्याने आणखी थोडा वेळ आपल्याकडेच ठेवलं.