नळ आले आणि ट्रक अडला

ट्रक दारात उभा होता आणि आमच्या ऑफिसातल्या रूपालीच्या सासूबाई ड्रम भरत होत्या. चार मोठे निळे ड्रम. हेच ड्रम ट्रकमध्ये चढवायचे होते.

पॅकर्सच्या सुपरवायझरचा मला ऑफिसात फोन आला. "मॅडम, इथं कुणी पॅकिंगच करू देईना. सगळे पाणी भरतायत."

"नळ आले असतील."

"मग?"

मग काय मग! माणूस पुण्याचा, त्याला काय सांगावं? जालन्यात नळ आठ-दहा दिवसांनी येतात. आले की घरात लग्न असो नाहीतर परीक्षा असो, माणूस आधी पाणी भरतो. नळ वाहतोय आणि भांडं रिकामं आहे, हे आमच्याच्यानं बघवतच नाही.

मी एका बियाणे कंपनीत ॲडमिन बघते. कुणाची बदली झाली की त्याचा संसार हलवून द्यायचं काम माझं. ऑफिसात याला रिलोकेशन म्हणतात. दोन-तीन पॅकर्सकडून कोटेशन घ्यायचं. त्यांचा माणूस घरी येऊन सामान बघून जातो, तो सर्व्हे. त्यावरून ट्रक केवढा लागेल ते ठरतं. मंग तिकडच्या सोसायटीकडून लिफ्टचा स्लॉट घ्यायचा, म्हणजे सामान चढवायची ठरलेली वेळ. स्लॉट हुकला की ट्रक गेटबाहेर आणि संसार रस्त्यावर.

आता खरं सांगते. ही बदली मला पाहिजे होती. आमचे हे चाकणला नोकरीला. मुलगी माझ्याजवळ. ती बापाला मोबाइलवरच जास्त ओळखते. पुण्याच्या ऑफिसात जागा निघाली तेव्हा मी अर्ज दिला आणि वाट बघत बसले. जागा मिळाली रूपालीला. वाटूरची पोरगी, माझ्या हाताखाली आलेली, फाइल कशी लावायची ते मी शिकवलेली. हिनं कधी पुण्याचं नावसुद्धा काढलं नव्हतं. नवरा घरी बसून कॉम्प्युटरवर काम करतो, त्याला जालना काय अन् पुणे काय!

पेढे घेऊन आली. "ताई, तुमच्यामुळंच झालं हे." पेढा मी ड्रॉवरमध्ये टाकला. लोक याला हेवा म्हणतात. हेवा फार सभ्य शब्द झाला, मी जळत होते. रोज व्हॉट्सॲपवर फ्लॅटचे फोटो. ताई, ही गॅलरी. ताई, हे गार्डन. मी खाली 'छान छान' लिहायचे आणि दातओठ खायचे.

शेवटी आमच्या प्लँट मॅनेजर साहेबांच्या केबिनमध्ये गेले.

"सर, माझ्या अर्जाचं काय झालं?"

"मॅडम, पुढचा नंबर तुमचाच. ही रूपालीची शिफ्टिंग तेवढी बिलकुल नीट करून द्या. हेड ऑफिसचं लक्ष आहे. मंग मला तुमचं नाव लावून धरता येईल."

म्हणजे जिच्यामुळं माझं पोट दुखत होतं, तिचाच संसार फुलासारखा उचलून पुण्यात ठेवायचा. तेव्हा कुठं माझा नंबर. वा रे न्याय!

तर त्या फोननंतर स्कूटी काढली आणि रूपालीचं घर गाठलं. अंगणात पाइप, बादल्या, हंडे. रूपाली ओढणी खोचून कळशा भरत होती.

"अगं, तू आज गाव सोडून चाललीस ना?"

"ताई, नळ आले ना!" म्हणाली. जसं काही मलाच कळत नव्हतं.

सुपरवायझर पुढं आला. "भरलेले ड्रम मी चढवणार नाही. ओतून टाका."

ओतून टाका! सासूबाईंनी त्याच्याकडं असं पाह्यलं, जणू यानं आईवरून शिवी दिली.

मी म्हटलं, "मावशी, ड्रम इथंच राहू द्या. पुण्याला रोज पाणी येतं."

"रोज येतं म्हनं! बघून आलंय कोण? ड्रम न्हाई तर मी बी न्हाई. अन् पाणी सांडायचं तर बिलकुल न्हाई."

माझ्या मनात आलं, गप्प बसावं. होऊ द्यावी संध्याकाळ. पुण्यातला उद्या सकाळचा स्लॉट हुकेल, ट्रक गेटबाहेर पडून राहील आणि रूपाली चुरगळलेल्या ड्रेसवर जॉइन होईल. फार बरं वाटलं ते डोळ्यांपुढं आणून. पण माझा नंबर? तोही त्याच ट्रकमध्ये भरलेला होता.

शेजारणींना हाका मारल्या. "पाणी पाहिजे का कुणाला?" एकजण हसली. "आमचे नळ काय येगळे आल्ते का, ताई? आमचंच ठेवायला जागा न्हाई."

बरोबरच होतं. गल्लीत सगळ्यांचं एकदमच भरलेलं. मग कुणाची टाकी रिकामी असेल? माझी! आमच्या कॉलनीचा नळ अजून आलेला नव्हता. आमच्या पाण्याच्या टेम्पोवाल्याला फोन केला. टेम्पोवर टाकी, ती रिकामीच होती. मोटर लावून चारही ड्रम त्यात ओढून घेतले.

"कुठं चाललं पाणी?" सासूबाई.

"माझ्या घरी."

"मंग जाऊ द्या. वाया तर न्हाई गेलं."

ड्रम पुसून चढवले. जाताना रूपाली गळ्यात पडली. "ताई, तुम्ही पण या ना पुण्याला!" मला रडू फुटलं. तिला वाटलं, तिच्यासाठीच रडतेय.

ट्रक स्लॉटच्या आधी पोचला. एक काचसुद्धा फुटली नाही. हेड ऑफिसकडून कौतुकाचा मेल आला. साहेबांनी बोलावलं तेव्हा मी मनातल्या मनात घर आवरायला घेतलं होतं.

"मॅडम, कमाल केली! इथून पुढं सगळ्या मराठवाड्याचं रिलोकेशन तुमच्याकडं."

"आणि माझी बदली, सर?"

"आता कसं सोडू तुम्हाला? हे काम दुसरं कोण करणार?"

"मग रूपालीला कसं सोडलं?"

साहेब सहज म्हणाले, "तिच्यावाचून काय अडत होतं?"

मी उगाच त्या पोरीवर जळत होते, असं वाटलं. मग तिनं हळदीकुंकवाचे फोटो टाकले आणि पुन्हा जळले.

नोकरीत आपल्यावाचून अडतं, याचा फार अभिमान धरू नये. अडतं तो माणूस जागीच राहतो. म्हणून आता ॲडमिनमध्ये नवीन आलेल्या बाईंना मी सगळं शिकवून राह्यले, कोटेशन, सर्व्हे, स्लॉट, सगळं. पुण्याला त्यांचं कुणी राहतं का, ते तेवढं आधी विचारून घेतलं.