ओटा आणि तात्पर्य

कथालेखनाच्या प्रशिक्षणाहून मी परतले ती अंगात वारं भरल्यासारखी. मुलांना पाचही इंद्रियांनी लिहायला लावा, असं तज्ज्ञांनी सांगितलं होतं. आमच्या पनवेलच्या शाळेतली दहावीची मुलं भारी आज्ञाधारक. कर्नाळ्याच्या सहलीवर लिहिताना त्यांनी पाचही इंद्रियं हजर केली. एकाने तर चक्क लिहिलं, 'किल्ल्याची चव खारट होती.'

मग ते तंत्रबिंत्र गुंडाळून ठेवलं आणि घरगुती उपाय काढला. एकाने उभं राहून घरात घडलेलं सांगायचं, बाकीच्यांनी नुसतं 'मग?' विचारायचं. जो 'निसर्गरम्य' म्हणेल त्याने फळा पुसायचा.

एके दिवशी गव्हाणहून येणारी एक मुलगी उठली. एरवी तिच्या तोंडून शब्द फुटायची मारामार.

"बाबानं मोटी गाडी घेतली."

"मग?"

"ती आंगनात शिरंना. मंग ओटा तोडला. आय रोज सांजचं तितंच सुकट-जवला निवडीत बसायची."

"मग?"

"आय गाडीत बसत नाय. नि बसायला ओटा नाय."

वर्ग खो खो हसला आणि पुढचं 'मग?' विचारायचं विसरला. मी हरखून गेले. म्हटलं, जशी बोललीस तशीच लिही. पूर्वपरीक्षेत तिने तसंच लिहिलं. पेपर दुसऱ्या बाईंकडे होते. त्यांचा शेरा आला, 'भाषा अशुद्ध. तात्पर्य नाही.' गुण निम्मे. 'वाहन हे प्रगतीचे प्रतीक आहे' असं लिहिणाऱ्याला मात्र पैकीच्या पैकी!

मी तणतणत गेले. बाई शांतपणे म्हणाल्या, "अहो, बोर्डाचा परीक्षक तिच्या आयला ओळखतो का?"

मुलीला कॉलेजात जायचं होतं. टक्के घसरले तर घरी बसायचं, असं बापाने बजावलं होतं. निकालाच्या दुसऱ्या दिवशी ती माझ्याकडे आली.

"बाई, बोर्डात कसं लिवू?"

बोर्डाचा, त्या बाईंचा, माझाही मला संताप आला. पण सांगितलं, "सुरुवातीला सुविचार टाक. भाषा पुस्तकातली. शेवटी सगळे आनंदी, आणि खाली तात्पर्य."

तिने सगळं वहीत उतरवून घेतलं.

"मंग आयला गाडीत बसवू?"

"बसव," मी म्हटलं.