कोडाच्या नक्षीचा पट्टा

वैशाख, १९३६. ठरलेली किंमत दीड रुपया. हजर तिघे: मी, माझी पत्नी आणि लोणावळ्याच्या बाजारातला चामड्याचा कारागीर.

मला मनगटी घड्याळासाठी रुंद पट्टा हवा होता. डाव्या मनगटावर कोड होतं, ते झाकायचं होतं. येत्या रविवारी वडगावचे पाहुणे मुलीला बघायला येणार होते. बापाच्या अंगावर कोड दिसलं की मुलीला नकार येतो, हे मी आमच्याच आळीत दोनदा पाहिलं होतं.

डाग वाढतो का हे कळावं म्हणून दर महिन्याला त्यावर पतंगाचा कागद धरून मी कड गिरवत असे. ताजा कागद मापासाठी दिला. "एवढं आलं पाहिजे," एवढंच म्हणालो. झाकायचं आहे, हे सांगायची लाज वाटली.

रविवारी सकाळी त्याने पट्टा आणला. तपकिरी चामड्यात मधोमध पांढरं कातडं बसवलेलं. सव्वा इंच लांब, पाऊण इंच रुंद, खालच्या शेपटासकट हुबेहूब माझा डाग.

"हे काय केलंस?"

"कागदावर हाय तसंच, भाऊ. मला वाटलं, नवी नक्षी. लय बारीक काम व्हतं बघा."

"घ्या," पत्नी म्हणाली, "एक होतं, त्याचे दोन झाले."

एक पैसा देणार नाही, असं सांगून मी त्याला घालवलं; पट्टा तसाच ठेवून तो गेला. पण पाहुणे वाटेत होते आणि जुना पट्टा अरुंद. हाच बांधला.

मुलाच्या वडिलांची नजर मनगटावरून हलेना. "जरा काढता?" ते म्हणाले. नाही म्हणता येईना. काढला. डाग आणि त्याची नक्कल, दोन्ही समोर. पोह्यांच्या बशा घेतलेली मुलगी दारातच थबकली.

"कोडाचं आम्हाला आधीच कळलं होतं," ते म्हणाले. "लपवलंत तर चहा न घेता उठायचं, असं ठरवून आलो होतो. तुम्ही तर मिरवताय की, राव!" आणि हसून त्यांनी मुलीला पुढे बोलावलं.

खरं काय ते ओठावर आलं होतं. मुलीकडे पाहिलं आणि गिळलं. आज पहिल्यांदाच लिहितो आहे.

पाहुणे होकार देऊन गेले, तसा मी उठून बाजारात गेलो.

"दीडच ठरलं व्हतं, भाऊ," कारागीर म्हणाला.

"असू दे."

कशाबद्दल, ते त्याला सांगितलं नाही. दिले तीन रुपये, त्याच्या हातात.