दर्दी कान

नवऱ्याच्या दर्दीपणाचा काकूंना वीट आला होता. त्याच्या लाडक्या चेलोच्या, म्हणजे त्या खर्जात वाजणाऱ्या थोराड व्हायोलिनच्या, रेकॉर्डी दिवाणखान्यात, आणि लेकीने व्हायोलिनचा सराव करायचा न्हाणीघरात. का, तर म्हणे तिच्या वाजवण्याने त्याचे कान खराब होतात!

रविवारी त्याची मित्रमंडळी जमली. त्याने रेकॉर्डवर सुई टेकवली, डोळे मिटले.

“ऐका! चेलोचा काय धीरगंभीर सूर आहे!”

सूर शेपटीवर पाय पडलेल्या मांजरासारखा किंचाळत पळत होता. तरी माना डोलतच होत्या.

काकूंनी पुढे होऊन रेकॉर्ड प्लेअरच्या वेगाचा खटका मागे ओढला. आवाज धाडकन खाली उतरला, खरा चेलो वाजू लागला.

“सकाळी धूळ पुसताना माझाच हात लागला होता,” काकू म्हणाल्या. “बाळे, बाहेर ये. बाबांचे कान तपासून झालेत. आजपासून इथेच वाजव.”